गुरुवारचा रकाना

“चार दिवस बाजारात बोलून तोंड दुखतं, आणि एक दिवस घरी निवांत बसावं तर ही वही,” आत्याबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे मला नीट ऐकू येईल एवढ्याच हळू. आम्ही दोघी सासू-सुना सोप्यात समोरासमोर मांडी घालून बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. मधे बांगड्यांचा ढीग.

“तोंड दुखतंय तर आज नुसतं ऐका,” मी म्हटलं.

“ऐकूनच दुखतंय.”

उंबऱ्यावर बसलेले अंकुशभाऊजी हसले आणि लगेच हसू आवरून बाहेर टेम्पोच्या चाकाकडं बघायला लागले. माझे धाकटे दीर. हसायचे, पण कुणाच्या बाजूनं हसतायत हे कळू द्यायचे नाहीत.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं होतील. संक्रांत पंधरा दिवसांवर होती. आम्ही कासार. सोमवारी आमच्याच गावचा बाजार. मंगळवार, शुक्रवार, रविवार बाहेरगावचे. टेम्पोत पेट्या चढवायच्या, बाजारात ताडपत्री अंथरायची, बायकांचे हात हातात घ्यायचे आणि बांगड्या भरायच्या. बुधवारी घरी बसून माल निवडायचा. मापं वेगळी करायची, डझन दोऱ्यात बांधायचे, चरा गेलेल्या बाजूला काढायच्या. आणि बुधवारीच दुपारी तीन ते साडेतीन माझी वही.

या वहीचं खूळ मी तालुक्याच्या एका शिबिरातून आणलं होतं. लहान धंदा करणाऱ्या बायकांसाठी दोन दिवसांचं शिबिर. शिकवणारी मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ती म्हणाली, आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच वेळी खाली बसा आणि स्वतःला तीन गोष्टी विचारा. काय झालं, काय राहिलं, पुढच्या आठवड्यात कोण काय करणार. बाकीच्या बायकांनी चहा घेतला, प्रमाणपत्र घेतलं आणि एसटी गाठली. मी मात्र त्या मुलीचं बोलणं फारच मनावर घेतलं. माझी शाळा सातवीत संपलेली. पुढचं सगळं वाचन बांगड्यांच्या खोक्यात भरून येणाऱ्या रद्दीवर झालेलं. मला आजवर कुणी प्रश्न वहीत उतरवून दिले नव्हते.

घरी येऊन मी शंभरपानी वही आणली, पट्टीनं सात रकाने आखले आणि दोघांना बसवलं. पहिल्याच बुधवारी भांडण झालं. ‘काय झालं’ यात मी लिहिलं, तीन डझन फुटल्या. आत्याबाई म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचलं. त्यांनी कानावर हात ठेवले. कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. खोड म्हणाल्या. मी खोडून ‘तीन डझन वाढल्या’ लिहिलं. पुढं ती शिबिरातली मुलगी गावात आली तेव्हा वही चाळून म्हणाली, “वा, शालनताई, दर आठवड्याला माल वाढतोय तुमचा.” मी हो म्हटलं. तिला कुठं समजावत बसू.

तेव्हापासून तीन वर्षं एकही बुधवार चुकला नव्हता. आत्याबाई कुरकुरत, पण तीनला पाच कमी असताना पदर सावरून जागेवर येऊन बसत. त्यांना विचारलं, काय राहिलं, की ठरलेलं उत्तर, “माझं काय राहतंय आता.” भाऊजींना विचारलं की, “सगळं झालं, वहिनी.” मग मी माझ्या अकलेनं लिहायची. शुक्रवारी लहान मापाच्या कमी पडल्या. रविवारी ताडपत्रीला भोक. असं सगळं.

फक्त गुरुवारचं कुणी बोलायचं नाही.

गुरुवारी वाघोशीचा बाजार. आमच्या फेरीतला सगळ्यात मोठा. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांना लागून कोपऱ्यावरची जागा, माझ्या आजेसासऱ्यांपासून आमची. आत्याबाई नव्या नवरी असताना त्याच जागेवर पहिल्यांदा दुसऱ्या बाईच्या हातात बांगडी चढवायला शिकल्या. तो बाजार माझे मालक एकटे करायचे. मुरलीधर त्यांचं नाव. आता घेते, तेव्हा घेत नव्हते. बुधवारी संध्याकाळी निघायचे, शुक्रवारी सकाळी यायचे. वहीच्या या बुधवाराआधी चार वर्षं, अशाच एका बुधवारी ते फिरोजाबादला माल बघायला म्हणून गेले आणि आले नाहीत. आठ दिवस, महिना, दिवाळी. मी म्हटलं, पोलिसात वर्दी देऊ. आत्याबाई नको म्हणाल्या. येईल तो, म्हणाल्या, पोलिसांचे पाय दाराला कशाला. मला वाटलं, आईचं काळीज, वाईट ऐकायला भितंय.

वहीत पहिल्यांदा रकाने आखले तेव्हा गुरुवारवर माझी पेन्सिल थांबली होती. आत्याबाई म्हणाल्या, “तिथं त्याला घाल. त्याचाच बाजार.” तोंडानं नाव घ्यायचं नाही म्हणून मी वहीतही घेतलं नाही. लिहिलं, ‘हे’. दर बुधवारी ‘हे’. तीन वर्षं, म्हणजे दीडशे वेळा तरी. शाळा असती तर मास्तरांनी केव्हाच हजेरीतून नाव काढून टाकलं असतं.

गुरुवारी घरातले सगळे कामात असत. आत्याबाईंना दत्ताचा उपास. भाऊजी टेम्पो धूत, धुतलेला परत धूत. मी पेट्या घासायची. आमच्यासारखी चकचकीत घासलेली पेटी पंचक्रोशीत कुणाच्या टेम्पोत नव्हती.

तर त्या बुधवारी ऊन सोप्यातून सरकून अंगणात गेलं होतं. थंडी होती. आम्ही उन्हामागं सरकत सरकत दारापर्यंत आलो होतो. काय झालं ते लिहून झालं, काय राहिलं ते लिहून झालं. सोमवार, मंगळवार कोण काय करणार तेही झालं. मी बुधवारपाशी रेंगाळले. भाऊजींची उजवी मांडी सारखी हलत होती.

“भाऊजी, बाथरूमला जायचंय का?”

“नाही हो.”

“मग मशीन कशाला चालू केलंय? बांगड्या वाजायला लागल्या.”

त्यांनी मांडी थांबवली. मग खिशात हात घातला, बाहेर काढला, परत घातला. शेवटी चौघडी केलेला कागद काढून माझ्या वहीवर ठेवला.

“हे सोमवारी आलंय.”

“आज बुधवार आहे.”

“म्हणूनच देतोय.”

वाघोशीच्या ग्रामपंचायतीची नोटीस होती, मालकांच्या नावावर. बाजारातल्या जागांना नवीन नंबर घालणार. उद्या, गुरुवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन. जागेवर दुकान मांडून घरातलं माणूस हजर पाहिजे. जे हजर नसतील त्यांची जागा मागणाऱ्याला देण्यात येईल, मागाहून तक्रार चालणार नाही.

मी आत्याबाईंना वाचून दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या हातातला डझन अर्धा बांधून तसाच राहिला.

“आता?” मी म्हटलं.

“रस्ता फार खराब झालाय तिकडचा,” भाऊजी म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“म्हणतात.”

“टेम्पोला काय होतंय? मंगळवारी तर ओढ्यातनं नेता.”

“मंगळवारचा ओढा सवयीचा आहे, वहिनी.”

आत्याबाई म्हणाल्या, “उद्या उपास आहे माझा.”

“उपास तुमचा, आत्याबाई. जाऊ मी.”

“बाईमाणूस एकटी?”

“सोमवारी तुम्ही घरी जेवायला येता तेव्हा एकटीच असते. मंगळवारी तुम्ही चहाला उठता आणि भाऊजी टेम्पोत झोपलेले असतात, तेव्हाही एकटीच असते.”

“झोपत नाही मी,” भाऊजी म्हणाले.

“घोरता तरी.”

कुणी हसलं नाही. मला बसवेना. मी उठून अंगणात गेले, दोरीवरची वाळलेली पातळं काढली, घडी न घालता खाटेवर टाकली. परत आत आले. आत्याबाई नोटीस उलटी धरून बघत होत्या.

“चहा टाकते,” मी म्हटलं.

“आत्ताच झाला की.”

“परत टाकते.”

स्वयंपाकघरात आले आणि आधण ठेवून नुसती उभी राहिले. कारण मला वाघोशीला जायचं नव्हतं. जीव गेला तरी जायचं नव्हतं. आणि का जायचं नव्हतं ते मी बाहेर बसलेल्या म्हातारीला सांगू शकत नव्हते.

त्याआधी सहा आठवडे, आमच्याच सोमवारच्या बाजारात एक बाई माझ्यासमोर बसली. माहेरी आली होती. हात पुढं केला आणि म्हणाली, या काढू नका, यांच्यावरच आणखी चार चढवा. तिच्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या आणि मनगटाकडून चौथी काळी. एकच. दृष्ट लागू नये म्हणून डझनात चौथी काळी घालायची, ही खोड जगात एकाच कासाराची. दुसऱ्या कुणी असं भरल्याचं मी पाहिलं नाही. बायका हसायच्या, काढायला लावायच्या, तर हे भांडायचे.

“कुठं भरल्या या?” मी विचारलं.

“आमच्या वाघोशीत. स्टँडजवळ दुकान आहे की. बाप्या भरतो, पण हात असा मऊ, कळत नाही कधी चढल्या. त्याची बायको पण भरते. ती बाई मात्र ओरबाडते.”

“नवीन दुकान?”

“झाली की चार वर्षं. पोरगी त्याची तिथंच खेळती असते बांगड्यांत. मोठी गोड. आत्ता पाच सरून सहावं लागलं तिला.”

मी तिच्या हातात चार बांगड्या चढवल्या. एकही वाढली नाही. मग ती गेल्यावर बोटांवर वर्षं मोजली. दोनदा मोजली. मला मूल नव्हतं. डॉक्टर झाले होते, नवस झाले होते, आणि त्या सगळ्या वर्षांत यांचा गुरुवार कधी चुकला नव्हता.

फिरोजाबादला गेलेला माणूस घरापासून बावीस किलोमीटरवर बायकांच्या हातात चौथी बांगडी काळी घालत बसला होता, आणि मी दर बुधवारी त्याच्यासाठी रकाना राखून ठेवत होते.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? भाऊजींना सांगितलं तर ते टेम्पो घेऊन भावाच्या दारात मारामारी करायला जातील, असं वाटायचं. आणि आत्याबाई तर त्या आशेवरच उठत-बसत होत्या. संध्याकाळी दिवा लावताना त्या दाराकडं एकदा बघत. मी पाठमोरी असले तरी मला कळायचं. हरवलेला मुलगा परत येईल यावर माणूस जगू शकतं. पण मुलगा बावीस किलोमीटरवर आहे आणि येत नाही, यावर कसं जगायचं? ते मला सुचत नव्हतं. म्हणून मी वहीत ‘हे’ लिहीत राहिले. फसवणूकच होती, पण आईची समजूत होती ना, मग चालेल, असं मी मला सांगायची.

आधण उतू गेलं. गॅस विझला. मी परत पेटवला, चहा केला, तीन कप घेऊन आले.

बाहेर दोघं जिथं होते तिथंच. फक्त भाऊजी उंबऱ्यावरून उठून दाराला टेकले होते आणि आत्याबाईंनी निवडलेल्या बांगड्या परत ढिगात मिसळून ठेवल्या होत्या. असं त्या कधीच करत नसत.

“मग काय ठरलं?” मी विचारलं.

“काय ठरायचंय,” भाऊजी म्हणाले. “मी म्हणतो, चार बाजार पुरतात आपल्याला.”

“संक्रांतीचा निम्मा माल वाघोशीत जायचा. तुम्हीच पेट्या उचलत होता.”

“तेव्हा जायचा.”

“बायका तिथं आता हात उघडेच ठेवतात का?”

भाऊजींनी चहा संपवला. कप खाली ठेवला, परत उचलला. तो रिकामाच होता.

मला त्या क्षणी राग आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. त्या वहीचाच असेल. तीन वर्षं मी पट्टीनं रेघा ओढत होते, आठवड्याचं सगळं बारीकसारीक लिहीत होते, ताडपत्रीचं भोकसुद्धा, आणि त्या ओळींच्या मधोमध एक खड्डा होता आणि आम्ही तिघं त्याच्या कडेनं रोज जपून चालत होतो. आणि आता ती जागासुद्धा जाणार. मी चौदा वर्षं या घरात बायकांचे हात हातात घेत होते. त्या कोपऱ्यावर एकदाही बसले नव्हते.

मी खाली बसले आणि पेन्सिल उचलली. गुरुवारच्या रकान्यात अजून काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, शालन.

“काय लिहिलंस?” आत्याबाईंनी विचारलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ‘हे’ लिहायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं.

“माझं नाव.”

“खोड.”

“का?”

“खोड म्हणते ना.”

“आत्याबाई, उद्या दोन वाजता जागा जाईल. तुमच्या सासऱ्यांची जागा. मग कुणी परत देणार नाही.”

“जाऊ दे.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ही बाई चरा गेलेली बांगडीसुद्धा टाकून द्यायची नाही. लहान पोरींना खेळायला म्हणून डब्यात ठेवायची. त्या कोपऱ्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. मारुतीची सावली दुपारी कुठवर येते, कुठली पायरी गुडघ्याला बरी पडते, सगळं सांगायच्या. आणि आता जाऊ दे?

“नाही जाऊ देणार,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “भाऊजी, सकाळी आठला निघायचं. तुम्ही येणार नसाल तर मी दोन पेट्या घेऊन एसटीनं जाते. स्टँडवर उतरून चालत जाईन.”

“एसटीनं नको, वहिनी,” भाऊजी पटकन म्हणाले.

“का नको?”

“स्टँडवरून बाजारात जायचं म्हणजे त्या दुकानावरूनच—”

ते थांबले. बोलता बोलता जीभ चावावी तसे थांबले.

दुकानावरूनच. कुठल्या दुकानावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ज्या बाईला काहीच माहीत नाही तिनं लगेच विचारलं असतं, कुठलं दुकान? मी नाही विचारलं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा भाऊजी माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्याही ध्यानात आलेलं होतं. म्हणजे ते रस्ता खराब आहे का बघून आलेले होते. कधीतरी टेम्पो धुऊन झाल्यावर जाऊन आलेले होते, स्टँडजवळ थांबलेले होते, आणि मारामारी न करता परत आलेले होते. आणि दर बुधवारी मला म्हणत होते, सगळं झालं, वहिनी.

आम्ही दोघांनीही एकदमच आत्याबाईंकडं बघितलं. आता त्या विचारतील, कुठलं दुकान रे अंकुश. मग काय सांगायचं? मी मनातल्या मनात शोधायला लागले. किराण्याचं दुकान. कपड्यांचं. काहीही.

आत्याबाईंनी विचारलं नाही.

त्या ढिगातल्या बांगड्या एकेक उचलून डोळ्यांपुढं धरत होत्या, उन्हाकडं करून, चरा गेलाय का बघायला. ऊन तर दारातून केव्हाच गेलं होतं. दोन बांगड्या बघितल्या, तिसरी बघितली. बाहेर कुणाच्या तरी शेळ्या घरी चालल्या होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा दारावरून गेल्या. भाऊजी हलले नाहीत. माझा चहा गार झाला होता.

मग त्यांनी हातातली बांगडी ढिगावर ठेवली, माझं मनगट धरलं, गिऱ्हाइकाचं धरतात तसं, पंजा चेपून, अंगठा आत दाबून, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

“मुरली वाघोशीतच आहे, शालन. त्याला तिथं बायको आहे, पोरगी आहे. तो येणार नाही. मला सांगून गेला होता.”